चार दिवसांची मोकळीक : अमेरिकेतील मुलींच्या ख्रिस्ती उन्हाळी शिबिरांचा इतिहास

१/
इ.स. १८७४. अमेरिकेच्या न्यू जर्सी राज्यात, अटलांटिकच्या किनाऱ्यावर, अ‍ॅस्बरी पार्क या नुकत्याच वसलेल्या गावात फिलाडेल्फियाच्या एका स्त्री-संस्थेने एक घर उघडले. ते रुग्णालय नव्हते, शाळा नव्हती, अनाथाश्रमही नव्हता. शहरात पोटासाठी राबून थकलेल्या तरुण मुलींनी उन्हाळ्यात तेथे यावे, समुद्र पाहावा, विसावा घ्यावा आणि परत जावे, एवढाच त्याचा हेतू होता. अमेरिकेतील मुलींच्या ख्रिस्ती उन्हाळी शिबिरांची कथा बहुधा या घरापासून सांगितली जाते. आजचा धागा त्या कथेचा.

२/
लढाया, तह आणि राज्यारोहणे यांच्या तारखा आपल्याला पाठ असतात. आनंदालाही इतिहास असतो, हे मात्र सहसा कुणी शिकवत नाही. एखाद्या मुलीने काही दिवस घरापासून दूर, कोणतेही ‘उपयुक्त’ काम न करता, केवळ आनंदात घालवावेत, ही कल्पना समाजाला कधी मान्य झाली? कोणत्या अटींवर झाली? ती परवानगी कुणाला मिळाली आणि कुणाला मिळाली नाही? या तीन प्रश्नांचा मागोवा घेत पुढे जाऊ. शेवटी ही वाट आपल्याला थेट लोणावळ्याला आणून सोडते.

३/
आधी संस्थेची ओळख. यंग विमेन्स ख्रिश्चन असोसिएशन, म्हणजे वायडब्ल्यूसीए. तिचा उगम लंडनमध्ये १८५५ साली, दोन वेगवेगळ्या प्रयत्नांतून झाला. एमा रॉबर्ट्स यांनी मुलींसाठी प्रार्थना-मंडळ सुरू केले. मेरी जेन किनेअर्ड यांनी क्रिमियन युद्धाच्या काळात परिचारिकांसाठी निवासगृह चालवले. एकीकडे प्रार्थना, दुसरीकडे डोक्यावर छप्पर. पुढे हे दोन्ही प्रवाह एक झाले. न्यूयॉर्कमध्ये १८५८ साली आणि बोस्टनमध्ये १८६६ साली असेच काम उभे राहिले. मुंबईत वायडब्ल्यूसीए आली १८७५ साली, म्हणजे समुद्रकाठच्या त्या घरानंतर अवघ्या एका वर्षाने.

४/
या विसाव्याची गरज का भासली? यादवी युद्धानंतरच्या अमेरिकेत शहरे आणि कारखाने झपाट्याने वाढत होते. खेड्यांतून आणि परदेशांतून आलेल्या मुली गिरण्यांत, शिवणघरांत, दुकानांत काम करीत. दिवस लांब, मजुरी तुटपुंजी, राहायला भाड्याची कोंदट खोली. सुस्थितीतील ख्रिस्ती स्त्रियांना या मुलींची कणव होती आणि धास्तीही होती. एकटी मुलगी शहरात वाईट मार्गाला लागेल, ही ती धास्ती. म्हणून जो हात मायेने पुढे झाला, तोच पहाराही देऊ लागला. शिबिरांच्या इतिहासात हे दुहेरीपण अखेरपर्यंत दिसते.

५/
पण विसाव्यासाठी धार्मिक संस्थेने समुद्रकिनाराच का निवडावा? त्याचे उत्तर जरा मागे जाऊन शोधावे लागते. ऑगस्ट १८०१ मध्ये केंटकीतील केन रिज येथे हजारो माणसे गाड्या आणि तंबू घेऊन जमली. अनेक दिवस उघड्यावर प्रवचने, गाणी, रडणे, मूर्च्छा, हर्षोन्माद असे सारे चालले. अशा मेळाव्यांना ‘कॅम्प मीटिंग’ म्हणत. पुढे मेथडिस्ट पंथाने ही प्रथा आपलीशी केली. शेतीच्या कामातून सवड काढून कुटुंबेच्या कुटुंबे रानात मुक्कामाला जात. देवाचे नाव घेण्यासाठी घर सोडून तंबूत राहायचे, ही सवय अमेरिकेला तेथे लागली.

६/
या मेळाव्यांत एरवीचे नियम सैल होत. चर्चमध्ये गप्प बसणाऱ्या स्त्रिया येथे उभ्या राहून आपला अनुभव सांगत आणि मोठ्याने गात. १८६९ साली न्यू जर्सीच्या किनाऱ्यावर ओशन ग्रोव्ह हे कायमस्वरूपी मेळावास्थळ वसले. तेथे आजही दर उन्हाळ्यात तंबू उभे राहतात. त्याला अगदी लागून, १८७१ साली वसले अ‍ॅस्बरी पार्क. त्याचे नाव मेथडिस्ट बिशप फ्रान्सिस अ‍ॅस्बरी यांच्यावरून ठेवलेले. म्हणजे १८७४ चे ते घर उभे राहिले ते मेळाव्याच्या शेजारीच. धर्माने आधीच ‘पवित्र’ ठरवलेल्या किनाऱ्यावर मुलींना पाठवणे सोपे होते.

७/
हे समजायला आपल्याला फार लांब जायला नको. मंगळागौर आठवा. व्रत देवीचे, पूजा देवीची. पण रात्रभर फुगडी, झिम्मा, पिंगा आणि उखाणे. नवविवाहित मुलीला सासरी एरवी इतके मोठ्याने हसण्याची मुभा नसे. व्रताच्या आडोशाने ती एक रात्र तिची होई. धर्म जिथे बंधने घालतो, तिथेच कधीकधी मोकळिकीची एक खिडकीही ठेवतो. अमेरिकन शिबिरांत हेच घडले. (मंगळागौरीची ही खिडकी कुणासाठी बंद होती, तेही लक्षात ठेवा. शेवटी त्याकडे परत यायचे आहे.)

८/
दुसरी पार्श्वभूमी शरीराची. १८७३ साली, म्हणजे ते घर उघडण्याच्या आदल्याच वर्षी, बोस्टनचे डॉक्टर एडवर्ड क्लार्क यांचे एक पुस्तक गाजत होते. मुलींनी मुलांच्या बरोबरीने अभ्यास केला, तर शरीराची शक्ती मेंदूकडे वळते आणि मातृत्वाची क्षमता खालावते, असा त्यांचा दावा होता. सुशिक्षित लोक तो गांभीर्याने वाचत होते. शरीराला आवळणारे कॉर्सेट आणि घोट्यापर्यंतचे घेर हा प्रतिष्ठित पोशाख होता. मुलीचे शरीर नाजूक असते, हे त्या काळचे ‘विज्ञान’ होते. त्या काळात मुलीने पोहणे, डोंगर चढणे हे केवळ करमणुकीचे प्रश्न राहत नव्हते.

९/
मुलग्यांची शिबिरे तोवर सुरू झाली होती. १८६१ साली कनेक्टिकटमधील शिक्षक फ्रेडरिक गन यांनी आपल्या विद्यार्थ्यांना चाळीस मैल चालवत समुद्रकाठी नेले आणि दोन आठवडे तंबूत ठेवले. १८८५ साली वायएमसीएचे समनर डडली यांनी न्यूयॉर्क राज्यातील एका तळ्याकाठी सात मुलांचे शिबिर भरवले. ते शिबिर ‘कॅम्प डडली’ या नावाने आजही चालते. मुलींसाठी अशी पूर्ण स्वरूपाची शिबिरे रुजायला १९०२ साल उजाडावे लागले. त्या वर्षी मेन राज्यात ‘वायोनेगॉनिक’ आणि न्यू हॅम्पशायरमध्ये ‘केहोंका’ ही शिबिरे सुरू झाली. केहोंकाच्या संस्थापक लॉरा मॅटून स्वतः शिक्षिका होत्या. ही दोन्ही चर्चची शिबिरे नव्हती. पण पुढे ख्रिस्ती संस्थांनी मुलींना रानात नेले, ते याच नमुन्यावर.

१०/
धर्म आणि शरीर यांची सांगड घालणारा एक माणूस येथे महत्त्वाचा आहे : ल्यूथर हॅल्सी ग्युलिक. मिशनरी घराण्यात, होनोलुलूमध्ये १८६५ साली जन्म. त्यांनी वायएमसीएला त्रिकोणाचे चिन्ह दिले. त्याच्या तीन बाजू म्हणजे आत्मा, मन आणि शरीर. शरीर हे पापाचे घर न मानता उपासनेचे एक अंग मानायचे, असा त्याचा अर्थ. स्प्रिंगफील्डच्या प्रशिक्षण विद्यालयात हिवाळ्यासाठी नवा खेळ शोधायला त्यांनीच एका सहकाऱ्याला सांगितले. त्यातून १८९१ साली जेम्स नेस्मिथ यांचा बास्केटबॉल जन्मला.

११/
ग्युलिक आणि त्यांची पत्नी शार्लट यांनी मेन राज्यातील सेबेगो तळ्याकाठी मुलींचे शिबिर चालवले आणि त्यातून ‘कॅम्प फायर गर्ल्स’ ही संघटना १९१० नंतर देशभर पसरली. तिचे घोषवाक्य ‘वोहेलो’. काम, आरोग्य आणि प्रेम या इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांतून जुळवलेला हा शब्द. येथे एक विरोधाभास पाहा. मुलींनी मुलग्यांचे अनुकरण करू नये, घरकामातच त्यांना काव्य दिसावे, असे ग्युलिक यांचे मत होते. पण गृहिणी घडवण्यासाठी त्यांनी मुलींच्या हाती वल्हे दिले. आणि वल्हे हाती आलेली मुलगी तळ्याच्या मध्यावर जाऊन काय विचार करील, हे कुणालाच ठरवता येत नाही.

१२/
१९१८ साली वायडब्ल्यूसीएने किशोरवयीन मुलींच्या आपल्या मंडळांना ‘गर्ल रिझर्व्ह्ज’ हे नाव दिले. त्यांची खूण निळा त्रिकोण. शाळेतल्या मुली, कारखान्यात लागलेल्या मुली, गावाकडच्या मुली अशा सगळ्यांसाठी ही मंडळे होती. वर्षभर साप्ताहिक सभा आणि उन्हाळ्यात शिबिर. लक्षात घ्या, ‘टीनएजर’ हा शब्द तेव्हा रूढ नव्हता. बालपण आणि लग्न यांच्या मधल्या वर्षांना समाजात स्वतःची अशी जागा नव्हती. ती जागा तयार करण्यात या शिबिरांचाही वाटा आहे. १९४६ साली याच मंडळांचे नाव ‘वाय-टीन्स’ झाले.

१३/
शिबिरातला दिवस कसा असे? पहाटे बिगूल. थंडगार तळ्यात बुडी. अंथरुणे आवरून तंबूची तपासणी. न्याहारीनंतर झाडांखाली बायबलचे वाचन. ओंडके हीच बाके आणि आभाळ हेच छत. मग पोहण्याचे धडे, निमुळत्या होड्या वल्हवणे, धनुर्विद्या, पानाफुलांची ओळख, हस्तकला. दुपारी सक्तीची विश्रांती, याच वेळी घरी पत्रे लिहायची. जेवणाच्या टेबलावर गाण्यांच्या भेंड्यांसारखी चुरस. रात्री शेकोटी, नाटुकली, भुताच्या गोष्टी आणि शेवटी एक शांत स्तोत्र. वेळापत्रक कडक असे. पण ते घरकामाचे वेळापत्रक नसे, आणि फरक नेमका तेथेच पडे.

१४/
या आनंदाचे घटक वेगळे करून पाहिले, तर ते फार साधे आहेत. पहिला, पोशाख. ढगळ विजारी आणि खलाशी धाटणीचा सैल सदरा. श्वास पोटापर्यंत जाऊ शकतो, हे अनेकींना तेथे कळले असावे. दुसरा, नाव. शिबिरात टोपणनावे पडत. कुणाची मुलगी, कुणाची बहीण ही ओळख काही काळ बाजूला राही. तिसरा, कौशल्य. काल बुडण्याची भीती वाटणारी मुलगी आज तळे पार करते, आणि ते सगळ्यांच्या देखत. चौथा, मैत्री. एकाच तंबूत सहा जणी, अंधारात, झोप येईपर्यंत बोलत राहतात. पत्रांतून येणारी घरची आठवण आणि निघतानाचे रडू, दोन्ही याच आनंदाच्या बाजू.

१५/
आणि शेवटची रात्र. बऱ्याच ख्रिस्ती शिबिरांत एक विधी असे. प्रत्येक मुलीने एक काटकी उचलायची, शेकोटीत टाकायची आणि येथे आपल्याला काय मिळाले किंवा पुढे आपण काय करणार, ते सर्वांसमोर सांगायचे. शंभर वर्षांपूर्वीच्या कॅम्प मीटिंगमधील साक्षीचे हे सौम्य रूप. यात सामूहिक दबाव होता का? निश्चितच होता. चौदा वर्षांच्या मुलीला, मैत्रिणींच्या वर्तुळात, ज्वाळांसमोर ‘नाही’ म्हणणे सोपे नसते. पण त्याच वर्तुळात अनेक मुली आयुष्यात प्रथमच चारचौघांत उभ्या राहून स्वतःविषयी बोलल्या. इतिहास लिहिताना यांतले एक खोडून दुसरे ठेवता येत नाही.

१६/
या सगळ्याचे सर्वांत देखणे स्मारक अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर आहे. कॅलिफोर्नियातील पॅसिफिक ग्रोव्ह हे गावही १८७५ साली मेथडिस्टांच्या समुद्रकाठच्या मेळाव्यातून वसले. तेथे १९१३ साली वायडब्ल्यूसीएने आपले शिबिर-स्थळ उघडले. नावासाठी स्पर्धा घेतली आणि स्टॅनफर्ड विद्यापीठातील एका विद्यार्थिनीने सुचवलेले नाव निवडले : ‘असिलोमार’, स्पॅनिश शब्दांवरून बेतलेले, अर्थ ‘सागराकाठचा आसरा’. आराखडा जुलिया मॉर्गन यांचा. पॅरिसच्या एकोल दे बोझार येथे वास्तुकलेसाठी प्रवेश मिळालेली ही पहिली स्त्री. कॅलिफोर्नियातही वास्तुविशारदाचा परवाना मिळवणारी पहिली स्त्री.

१७/
मुलींसाठी, स्त्रियांच्या संस्थेने, स्त्रीकडून बांधवून घेतलेले हे गाव. १९१५ सालच्या तेथील प्रार्थनागृहात वेदीच्या मागे भिंतीऐवजी काच आहे आणि काचेपलीकडे वाळूच्या टेकड्या. प्रार्थना करणाऱ्याची नजर सरळ निसर्गावर जाते. तेथे उन्हाळ्यात वाढप आणि साफसफाई करणाऱ्या विद्यार्थिनींना ‘स्टक-अप्स’, म्हणजे ‘शिष्ट’, असे थट्टेचे नाव पडले होते. त्यांच्या राहण्याच्या इमारतीचे नावही अधिकृतपणे ‘स्टक-अप इन’ ठेवले गेले. आज हे स्थळ राष्ट्रीय ऐतिहासिक वारसा आहे, आणि ती थट्टा त्या वारशाचा भाग आहे.

१८/
आता तिसरा प्रश्न : परवानगी कुणाला नाकारली गेली? शिबिरांची नावे पुन्हा वाचा. वायोनेगॉनिक, केहोंका. मूळनिवासी भाषांतील किंवा तसे भासणारे शब्द. मुली शेकोटीभोवती झालरींचे पोशाख घालून, पिसे माळून ‘इंडियन’ होत. त्याच काळात खऱ्या मूळनिवासी मुलींचे काय चालले होते? १८७९ साली पेन्सिल्वेनियात कार्लाइल येथे निवासी शाळा उघडली. तेथे त्यांचे मूळचे पोशाख काढून घेतले जात आणि मातृभाषा बोलण्यास बंदी असे. उन्हाळ्यात त्यांना घरी न पाठवता गोऱ्या कुटुंबांत पाठवत. मुली तेथे घरकाम करीत. या योजनेचे नाव ‘आउटिंग’, म्हणजे सहल!

१९/
उन्हाळा एकच, देश एकच. एका मुलीला रानात नेऊन ‘इंडियन’ बनवले जाई, दुसरीला रानातून आणून तिचे ‘इंडियन’पण पुसले जाई. दोन्ही ठिकाणी प्रार्थना त्याच देवाची. पण कथा येथे संपत नाही. डकोटा वंशाच्या एला डेलोरिया यांनी १९१९ नंतर वायडब्ल्यूसीएसाठी मूळनिवासी शाळांतील मुलींच्या आरोग्यशिक्षणाचे काम केले. त्यांचे वडील एपिस्कोपल धर्मगुरू. पुढे त्या आपल्या भाषेच्या आणि लोकपरंपरेच्या मोठ्या अभ्यासक झाल्या. गोऱ्यांच्या या ‘इंडियन होण्याच्या’ खेळावर १९९८ साली गाजलेला ग्रंथ लिहिणारे इतिहासकार फिलिप डेलोरिया हे याच घराण्यातले.

२०/
कृष्णवर्णीय मुलींसाठी बहुतेक शिबिरांची दारे बंद होती. वायडब्ल्यूसीएमध्येही त्यांच्या शाखा वेगळ्या असत. म्हणून काळ्या समाजाने स्वतःची शिबिरे उभारली. मॅसॅच्युसेट्समधील स्प्रिंगफील्डच्या सेंट जॉन्स काँग्रिगेशनल चर्चचे पाळक विल्यम डीबेरी यांनी १९२१ साली एका तळ्याकाठी शिबिर सुरू केले. तेच पुढे ‘कॅम्प अ‍ॅटवॉटर’ म्हणून प्रसिद्ध झाले. गंमत पाहा, हे तेच स्प्रिंगफील्ड, जेथे ग्युलिक आणि नेस्मिथ शिकवत होते. वायडब्ल्यूसीएने वांशिक भेदाविरुद्धची आपली सनद स्वीकारली ती १९४६ साली. म्हणजे समुद्रकाठच्या त्या पहिल्या घरानंतर ७२ वर्षांनी.

२१/
आणि एक शब्द, दोन अर्थ. १९२० आणि १९३० च्या दशकांत कॅलिफोर्नियातील जपानी वंशाच्या मुलींची गर्ल रिझर्व्ह्ज मंडळे होती. त्या सहलींना, शिबिरांना जात. फेब्रुवारी १९४२ मध्ये राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांचा आदेश निघाला आणि सुमारे १,२०,००० जपानी वंशाच्या लोकांना काटेरी तारांच्या छावण्यांत डांबले गेले. त्यांनाही ‘कॅम्प’च म्हणत. त्या छावण्यांतही मुलींनी आपली मंडळे पुन्हा भरवली. सभा घेतल्या, गाणी म्हटली, समारंभ केले. पहारेकऱ्यांच्या मनोऱ्याखाली हा आनंद टिकवणे म्हणजे केवळ वेळ घालवणे नव्हते.

२२/
दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास पुराणमतवादी ख्रिस्ती मंडळ्यांनीही मुलींची शिबिरे उभारली. इलिनॉयमधील व्हीटन कॉलेजच्या परिसरात १९३९ साली सुरू झालेल्या मंडळातून ‘पायनियर गर्ल्स’ ही संघटना वाढली. तिच्या शिबिरांचे नाव ‘कॅम्प चेरिथ’. बायबलमध्ये एलिया संदेष्टा ज्या ओढ्याकाठी लपून राहिला आणि कावळ्यांनी ज्याला भाकरी आणून दिली, त्या ओढ्याचे हे नाव. यांतील अनेक मंडळ्यांत स्त्रीला व्यासपीठावरून उपदेश करण्याची मुभा नव्हती. शिबिरात मात्र शास्त्र शिकवणाऱ्या, निर्णय घेणाऱ्या, सगळे चालवणाऱ्या स्त्रियाच होत्या. चर्चमध्ये जे पाहायला मिळत नव्हते, ते मुली रानात पाहत होत्या.

२३/
आता घराकडे. ११ मार्च १८८६. ज्या फिलाडेल्फियाच्या संस्थेपासून आपण आरंभ केला, त्याच शहरात आनंदीबाई जोशी यांना डॉक्टरची पदवी मिळाली. समारंभाला पंडिता रमाबाई उपस्थित होत्या. पुढची दोन वर्षे त्या अमेरिकाभर फिरल्या, स्त्रियांच्या संस्था पाहिल्या आणि १८८९ साली मराठीत अमेरिकेचे प्रवासवृत्त प्रसिद्ध केले. त्याच वर्षी, पुन्हा ११ मार्चलाच, मुंबईत त्यांनी शारदा सदन उघडले. तेथे आलेल्यांत बालविधवा होत्या. धर्मांतराच्या प्रश्नावरून १८९३ साली मोठा वाद पेटला आणि न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर यांच्यासारख्या सल्लागारांनी संबंध तोडला, हेही येथे नोंदवायला हवे.

२४/
केन रिजला सुरू झालेली कॅम्प मीटिंगची प्रथा तोवर मिशनऱ्यांबरोबर सह्याद्रीवर पोहोचली होती. लोणावळ्याला असे मेळावे भरत. १८९० च्या दशकाच्या मध्यात रमाबाई आपल्या पंधरा मुलींना घेऊन तेथे गेल्या. या पंधरांचा वर्ग व्हावा, म्हणजे पुढच्या मेळाव्यापर्यंत २२५ व्हाव्यात, अशी प्रार्थना त्यांनी तेथे केली. लवकरच १८९६–९७ चा दुष्काळ आला. रमाबाईंनी मध्य प्रांतातून शेकडो उपाशी मुली आणल्या आणि केडगावचे मुक्ती सदन उभे राहिले. हा प्रसंग सहसा श्रद्धेच्या किंवा धर्मांतराच्या संदर्भात सांगितला जातो. मला मात्र त्या पंधरा मुलींकडे पाहावेसे वाटते.

२५/
सातव्या मुद्द्यातली मंगळागौर आठवते? ती खिडकी बंद होती विधवेसाठी. बालवयात कुंकू पुसलेल्या मुलीला त्या रात्रीच्या खेळांत जागा नव्हती. अशा घरांतून आलेल्या मुली आगगाडीत बसून घाटमाथ्यावर जातात, मोकळ्या हवेत इतर स्त्रियांबरोबर गातात, आणि त्यांच्याकडे अपशकुन म्हणून कुणी पाहत नाही. त्यांना काय वाटले असेल? त्यांच्यापैकी कुणाची रोजनिशी माझ्यासमोर नाही. रमाबाईंची प्रार्थना आपल्यापर्यंत पोहोचली. त्या मुलींचे हसणे पोहोचले नाही. इतिहासातला आनंद बहुधा असाच, कुणा दुसऱ्याच्या नोंदीच्या कडेने, अंदाजानेच ओळखावा लागतो.

२६/
सारांश. मुलींच्या आनंदाला बराच काळ कारण द्यावे लागले. कधी आरोग्याचे, कधी नीतीचे, बहुतेकदा धर्माचे. त्या कारणाने दार उघडले, आणि कुणाला आत घ्यायचे हेही त्याच कारणाने ठरवले. पण आत गेलेल्या मुलींनी कारण देणाऱ्यांच्या अपेक्षेपेक्षा अधिक काही घेतले. कुणी पोहायला शिकली, कुणी बोलायला. ज्यांना आत घेतले नाही, त्यांनी दुसऱ्या तळ्याकाठी, तर कधी काटेरी तारांच्या आतसुद्धा, आपली शेकोटी पेटवली.

२७/
जाता जाता एक विनंती. आपल्या आजीला किंवा पणजीला विचारा : लग्नाआधी, घरच्या माणसांशिवाय, केवळ मैत्रिणींबरोबर तू कुठे राहिली होतीस का? सेवादलाचे शिबिर, गाइडचा तळ, शाळेची सहल, वारी, मिशनच्या शाळेची सुट्टी, काहीही चालेल. काय खाल्ले, काय गायले, रात्री कशावर हसलात, ते लिहून ठेवा. मिळालेली उत्तरे या धाग्याखाली अवश्य सांगा. आणि उत्तर ‘कधीच नाही’ असे आले, तर तेही लिहा. तीही इतिहासाचीच नोंद आहे.

धागा समाप्त.